जमिनीसकट

इतर पडक्या चर्चना निदान जोतं तरी उरतं.
गवतात रांगणारी दगडांची ओळ,
उंबरठ्याची झिजलेली खाच,
माणूस तिथं उभा राहून म्हणू शकतो : इथं.
वोल्शांकाच्या चर्चचं तसं नाही.
जिथं वेदी होती तिथं आता पाणी,
आणि तळसुद्धा तिथं नाही,
तो त्याच्याही चाळीस मीटर खाली.
आम्ही जिथं गुडघे टेकायचो
त्या उंचीवर मासे अधांतरी फिरतात.

बांधलं कुणी, त्याची नोंद नाही.
नांगराला जे लागेल ते बांधावर टाकायचं
आणि रविवारी येताना एकेक आणायचं :
असे शेतातले धोंडे, आठशे वर्षांपूर्वीचे,
बटाट्यासारखे ओबडधोबड, चुन्यात बसवलेले.
उत्तरेच्या भिंतीत, ओल्या गिलाव्यात,
कुणा गवंड्याचा अंगठा राहून गेला होता.
आम्ही पोरी त्यात आपला अंगठा घालून बघायचो.
कुणाचाच बसला नाही,
फक्त हांझाचा. ती डावरी होती.

मग फौजा येऊन गेल्या. आत घोडे बांधले,
जाताना छप्पर पेटवलं. गावानं ते पुन्हा घातलं.
पुढं कधीतरी भिंतीवरच्या संतांना चुना फासला.
पण दर ओल्या हिवाळ्यानंतर
एकाचा एक डोळा चुन्यातून वर यायचा,
आणि पाद्री क्रावत्स दर वसंतात तो झाकायचे.
“बघू द्या की त्याला,” आई म्हणायची,
“एवढाच तर उरलाय.”

खाली कोळसा निघाला.
साहेबानं टेबलावर नकाशा पसरला,
म्हणाला, अकरा मीटर जाडीचा थर आहे.
खिडकीतून चर्च दिसत होतं. तो खिडकीकडे पाठ करून बसला होता.

माझे वडील, बोश्ची, खाणीत सुरुंग लावायचे.
बाप्तिस्मा तिथला, लग्न तिथलं,
आणि भोकं पाडायचं कामही त्यांच्याच वाट्याला.
छप्पन्न भोकं.
पहिल्या धमाक्याला मनोरा
अंगावरची धूळ झटकून तसाच उभा.
बायका हसल्या.
दुसऱ्यानंतर कुणी हसलं नाही.
रात्री जेवताना वडील एवढंच बोलले :
“चुना चांगला होता.”

दगडी कुंड शहरातल्या संग्रहालयात आहे,
क्रमांक लावलेलं, कोरडं.
घंटा पलीकडच्या गावानं नेली.
तिथल्या घंटेशी तिचा सूर जमत नाही,
म्हणून ती फक्त मयताला वाजते.
दाराची एक बिजागरी आमच्या खुराड्याला आहे,
कोंबड्या रोज तिच्याखालून जातात.
तो डोळा कुठं गेला, ठाऊक नाही.
आणि जमीन? ती जळाली.
तिचे दिवे लागले, लांबच्या शहरांत आणि आमच्याही घरात.
त्याच उजेडात मी पाढे पाठ केले,
खोटं कशाला बोलू.

खड्ड्यात मग नदीचं पाणी सोडलं.
भरायला बारा वर्षं लागली.
पहिली काही वर्षं पाणी गंजासारखं लाल होतं,
आता निळं आहे, शिडाच्या होड्या येतात,
किनाऱ्यावर आइस्क्रीम मिळतं, आणि ते चांगलं असतं.

नव्या गावातल्या आमच्या पायरीपाशी एक धोंडा आहे.
वडिलांनी तो रात्री हातगाडीवरून आणला,
कुणाला सांगितलं नाही, आम्हालाही नाही.
त्याच्या वरच्या अंगाला अर्धी नळी कोरलेली :
सुरुंगाचं भोक, उभं चिरलेलं.
गवंड्याचा अंगठा गेला, ही खूण राहिली.
पाऊस झाला की तिच्यात घोटभर पाणी थांबतं.

परवा नात, मिल्का, त्यावर उभी राहून विचारत होती,
आपल्या भाषेत दाराला काय म्हणतात?
“दुर्ये,” मी म्हटलं.
तिनं तीनदा म्हणून पाहिलं,
तिसऱ्यांदा बरोबर.
मग त्या पन्हळीत बूट बुडवला,
जर्मनमध्ये काहीतरी गुणगुणत सायकल काढली
आणि तळ्याकडे गेली.